बत्तीसचा गळा

प्रीमियर पद्मिनीला कार्बोरेटर कोणता बसवावा, याबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात सापडणं कठीण. बॉनेट उघडं दिसलं की रस्त्याने चाललेले सद्गृहस्थ थांबतात, हात पाठीमागे बांधतात, आत डोकावतात आणि निदान सांगून मोकळे होतात. स्वतः त्यांनी आयुष्यभर स्कूटर चालवलेली असते. पण सासऱ्यांकडे फियाट होती. एवढ्या पात्रतेवर महाराष्ट्रात फियाटबद्दल काहीही बोलता येतं.

गाडीचं नाव पद्मिनी, पण सगळे म्हणणार फियाट. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे डिलाइट निघाली, मग ती प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. बारशी होत राहिली, इंजिन तेच राहिलं. 1089 सीसी, चार सिलिंडर, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. त्यावर सोलेक्सचा एका गळ्याचा कार्बोरेटर. खाली जिथे थ्रॉटलची झडप फिरते तिथे व्यास 32 मिलिमीटर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांनी याच जातीच्या सामग्रीवर तीन पिढ्यांचे पाहुणे दादर स्टेशनवरून घरी पोहोचवले. त्यांच्यापैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली. कार्बोरेटर बदलायला हवा होता, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली सूचना नेहमी मारुतीची. ‘मारुती आठशेचा टाका साहेब, ॲव्हरेज वाढेल.’ मारुतीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिचा कार्बोरेटर तिच्या मापाचा. पण तिचं ॲव्हरेज चांगलं होतं, आणि ॲव्हरेज ही वस्तू कार्बोरेटरमध्ये भरून ठेवलेली असते, असा गॅरेजांचा समज आहे. तो काढून दुसरीकडे लावला की ॲव्हरेजही सोबत येतं.

मग तो बसवण्याचा सोहळा. भोकं जुळत नाहीत, म्हणून लेथवाल्याकडून जाड पट्टी करून आणायची. पट्टीमुळे उंची वाढते, म्हणून एअर क्लीनर बॉनेटला लागतो. म्हणून एअर क्लीनर काढायचा. ॲक्सिलरेटरची जोडणी निराळी, म्हणून तिथे सायकलच्या ब्रेकची वायर. सोलेनॉइडला करंट हवा, तो हॉर्नच्या वायरीतून. उरलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे जातात ते माहीत नसतं, म्हणून प्रत्येकीच्या तोंडात एकेक स्क्रू कोंबून त्यावर एमसील. हे सगळं झाल्यावर गाडी चढावर ओढत नाही अशी तक्रार केली, तर ‘साहेब, जुनं इंजिन आहे’ असं उत्तर मिळतं. एमसील वाळेपर्यंत ते इंजिन जुनं नव्हतं.

दुसरा पंथ मोठ्याचा. एस्टीमचा टाका. नाहीतर वेबरचा दोन गळ्यांचा आडवा टाका, चाळीसचा, गाडी उडेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या भाच्याने तर व्हिडिओ कॉलवर इंजिन पाहून मामाला होली कंपनीचा चार गळ्यांचा सुचवला, मिनिटाला 600 घनफूट हवा घेणारा. तिकडे तो 5.7 लिटरच्या व्ही-एटवर सुखाने नांदतो म्हणे. नांदत असेल.

या सगळ्यांत एकही जण इंजिनाची चौकशी करत नाही. ती करायला कागदाच्या पाठची बाजू पुरते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. मिनिटाला 5000 फेरे, म्हणजे पद्मिनी कुरकुरत का होईना जिथवर पोहोचते तिथवर, धरले तर 2500 गुणिले 1089 सीसी. झाले साधारण 2720 लिटर. इंजिन कधी काठोकाठ भरत नाही, ऐंशी टक्के धरू. मिनिटाला 2200 लिटरच्या आत काम भागतं. भाच्याच्या हिशोबात सांगायचं तर 80 घनफूटसुद्धा नाही. त्याच्या त्या कार्बोरेटरवर आमच्या आळीतल्या सगळ्या पद्मिन्या एकदम चालतील आणि तरी थोडी हवा शेजाऱ्यांना देता येईल.

आणि मोठा गळा म्हणजे जास्त जोर असं नसतंच. कार्बोरेटरची सगळी करामत त्या अरुंद भागात असते. हवा तिथून घाईने जाते, घाईने गेली की तिचा दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जाऊन त्याचे तुषार होतात. गळा ऐसपैस केला की हवा रमतगमत जाते, ओढ राहत नाही, पेट्रोल थेंबाथेंबाने मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून बसतं. लहान मुलाला बोअरवेलचा पाइप देऊन शहाळं प्यायला सांगण्यातला हा प्रकार. हे मी एकदा गॅरेजमध्ये समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मिस्त्री म्हणाले, ‘बरोबर आहे. पण एस्टीमचा टाका.’

ठीक, जुनाच ठेवू म्हटलं, तर जेट. सोलेक्सच्या मेन जेटवर नंबर कोरलेला असतो, तो म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 125 म्हणजे सव्वा मिलिमीटर. इतक्या बारकाईने मोजून केलेली वस्तू साफ करायला आपल्याकडे क्लचवायरचा एक धागा वापरतात. धागा पोलादाचा, जेट पितळेचं. मिस्त्री ते तोंडाजवळ धरतात, फुंकतात, एक डोळा मिटून उजेडाकडे बघतात आणि पुन्हा धागा घालून दोनदा मागेपुढे करतात, गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. वर्षानुवर्षं अशी सेवा घेतलेल्या जेटवर 125 हा आकडा घराण्याचं आडनाव म्हणून उरतो. गाडी काळा धूर टाकू लागते. मग ठरतं की कार्बोरेटर गेला.

पुष्कळदा तो गेलेला नसतोच. पॉइंट जळलेले असतात, कंडेन्सर मेलेला असतो, गाडी मिसिंग मारत असते. पण डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायला क्लिपा काढाव्या लागतात आणि कार्बोरेटर समोरच दिसतो. अपराध जवळ असलेल्याच्या नावावर लागतो. उन्हाळ्यात खंबाटकीत पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेनासा होतो, तोही दोष कार्बोरेटरचा. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुरू होते, तेव्हा मात्र श्रेय फडकं टाकणाऱ्याला.

आता त्यात इथेनॉल आलं. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. उसाला भाव मिळतो, त्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. मामेभावाचाच ऊस कारखान्याला जातो. पण इथेनॉल आपल्यासोबत ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तितक्याच हवेला पेट्रोल जरा जास्त लागतं, म्हणजे जेट किंचित मोठं हवं. शिवाय जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आठवडाभरात पापडासारखा नव्हे, चांगला भाकरीसारखा फुगतो, असं मी म्हणणार होतो, पण एका लेखात शहाळं झालं तेवढं पुरे. फुगतो. नवा घ्यायला नाना पेठेत गेलं की काउंटरवरचा मुलगा न बघता विचारतो, ‘ओरिजिनल की चालू?’ दोन्हींची पाकिटं एकाच खोक्यातून निघतात. ओरिजिनलमधल्या डायफ्रॅमची सहापैकी चार भोकं जुळतात. चालूमधली सगळी जुळतात, पण तो गळतो.

माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी यापुढे कोणाला सांगणार नाही: जो कार्बोरेटर त्या इंजिनासाठी मापून केला होता तो धुवावा, त्याला धाग्याने न कोरलेली जेटं घालावीत, फ्लोटची उंची बघावी, आणि डोकं बंद ठेवावं. हे बोललं की समोरचा माणूस आपल्याला कंजूष समजतो.

मागच्या महिन्यात मिस्त्रींनी शेवटचा निकाल दिला. ‘हा भंगार झाला साहेब, काही राम नाही यात. मारुतीचा उद्या बसवतो.’ असं म्हणत त्यांनी माझा सोलेक्स काढला, रॉकेलने धुतला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. भंगाराला कुलूप कशाला, असं मी विचारलं.

‘ओरिजिनलला गिऱ्हाईक असतं, साहेब.’