बिनछपराचे शिष्टाचार

मराठी माणसाचं अर्धं आयुष्य डोक्यावर छप्पर आणण्यात जातं. आधी भाड्याची खोली, मग वन-बीएचके, मग वीस वर्षांचे हप्ते, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीच्या गळतीवरून सोसायटीच्या मीटिंगा. असा माणूस डेट्रॉइटच्या एखाद्या उपनगरात स्थिरावला की जीप रँग्लर घेतो आणि मे महिना लागताच तिचं छप्पर स्वतःच्या हातांनी उतरवून गॅरेजात ठेवतो. याचं समाधानकारक उत्तर मला कुणालाच देता आलेलं नाही. आईला तर मुळीच नाही.

उतरवणं अवघड नाही. सनवायझर खाली करायचे, आतल्या खिट्ट्या फिरवायच्या आणि पुढच्या दोघांच्या डोक्यावरची दोन पॅनेलं एकेक करून उचलायची. मागचा मोठा भाग काढायला मात्र पाना लागतो, शिवाय दोन धडधाकट माणसं लागतात. हौशी लोक त्यासाठी गॅरेजच्या आढ्याला कप्पी टांगतात. आम्ही पुढच्या दोन पॅनेलांवर भागवतो. तीन तुकड्यांचं हे कडक छप्पर २००७ च्या मॉडेलपासून आलं.

खरं तर या गाडीच्या घराण्यात छप्पर हाच उपरा. १९४० साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला आणि १९४१ पासून विलीज कंपनी टोलेडोला या जीपा ढिगाने बनवू लागली. वर कापडी आच्छादन, तेही काढता येणारं. पुढची काच दुमडून बॉनेटवर आडवी टाकायची. त्यात वारा खायचा हेतू कुणाचाच नव्हता, होती ती काटकसर. टोलेडो आमच्या घरापासून तासाभरावर आहे आणि रँग्लर आजही तिथेच बनते. लष्कराची ती काटकसर आता हौस झाली आहे, आणि काटकसरीपेक्षा ती बरीच महाग पडते.

जाहिरातींत ही गाडी कायम कड्याच्या टोकावर उभी असते. छप्पर काढा आणि रानटी व्हा, असा एकूण सूर. माझा अनुभव नेमका उलटा आहे. छप्पर उतरलं की माणूस सभ्य होतो.

बंद गाडी म्हणजे चाकांवरची खोली. काचा वर असल्या की पुढच्याला "हल की गाढवा" म्हणता येतं, बेसूर गाता येतं, बायकोशी वाद घालता येतो. पॅनेलं काढल्यावर सिग्नलला शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर उंचावरून थेट आपल्या मांडीवरच्या डब्यात बघत असतो. त्याच्यासमोर कुणाला गाढव म्हणणार? मराठी त्याला कळत नाही हे खरं, पण सूर कळतो. रँग्लरचे स्पीकर डोक्यावरच्या सळईला लावलेले असतात, त्यामुळे भीमसेन जोशींचा अभंग सगळ्या चौकाला ऐकू जातो. एकदा पलीकडच्या लेनमधल्या आजीबाईंनी अंगठा वर केला, तेव्हापासून मी गाणी निवडून लावतो.

वेगाचंही तेच. ताशी पासष्ट मैलांच्या पुढे बोललेलं ऐकू येत नाही, आणि काचेवरून उसळलेला वारा नेमका मागच्या सीटवर आदळतो. मागे आई बसलेली असते. साहजिकच आम्ही हायवे सोडून आतल्या रस्त्यांनी जातो. तिथे नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो, कुणाच्या तरी अंगणातल्या शेगडीचा येतो, आणि स्कंकचाही येतो. यातला एकच निवडायची सोय नाही.

आईचा पहिला प्रश्न होता, "एवढे पैसे मोजून उघडी गाडी? आमच्याकडे असल्या गाडीतून बीडीओ यायचे, नाहीतर मतं मागायला उमेदवार." समोरून येणाऱ्या जीपवाल्याने स्टिअरिंगवरून हात उचलून सलाम केला तेव्हा ती चकित झाली. जीपवाल्यांची ही जुनी रीत आहे. ओळख असण्याची गरज नसते. "अरे, हा कोण?" "माहीत नाही, आई." "आणि मघाचा?" "तोही नाही." मग तिने उमेदवाराची जबाबदारी स्वतःकडे घेतली. आता जीप दिसली की मागून दोन्ही हात जोडून नमस्कार होतो, आणि टॅटूवाले दणकट गडीही गोंधळून मान लववतात. भारतातली रँग्लर २०२१ पासून रांजणगावला जोडली जाते हे कळल्यावर तिचा उरलासुरला विरोध मावळला. महागणपतीच्या गावची गाडी म्हटल्यावर तिला छप्पर असो वा नसो.

रानटीपणासाठी राखून ठेवलेली जागाही आहे. मिशिगन सरोवराच्या काठी सिल्व्हर लेकला वाळूचे डोंगर आहेत आणि तिथे गाड्या चढवायला परवानगी आहे. पण आधी टायरमधली हवा कमी करायची, गाडीला उंच काठीवर केशरी झेंडा लावायचा. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून हा झेंडा. म्हणजे वाळवंटातही पहिला विचार समोरच्याचाच. कुणी रुतलं की दोघे-तिघे न बोलावता दोर घेऊन येतात. गाडीच्या तळाला पाणी काढायची बुचं असतात, त्यामुळे घरी आल्यावर वाळू धुऊन काढता येते. कानातल्या वाळूसाठी तशी सोय नाही.

आणि पाऊस. पॅनेलं घरी ठेवून निघालात की इथलं आभाळ हमखास भरून येतं. गाडी पळती असेल तर हलकी सर काचेवरून उडून जाते आणि पुढचे दोघे बऱ्यापैकी कोरडे राहतात. सिग्नल लागला की हिशेब चुकता होतो. मग जवळच्या पेट्रोल पंपाच्या छताखाली घुसायचं. तिथे आधीच दोन रँग्लर आणि एक फोर्ड ब्रॉन्को उभ्या असतात, आणि एरवी एकमेकांच्या कंपनीला नावं ठेवणारी ही माणसं टिश्यूपेपरचा एकच गठ्ठा फिरवत सीटा पुसत असतात. आई त्यांना चिवडा देते.

ऑक्टोबरात पॅनेलं परत बसतात. हीटर सुरू होतो, आवाज बंद होतात, आणि पहिल्याच चौकात पुढच्याने जरा वेळ लावला की माझ्या तोंडून गाढव बाहेर पडतं. अशा वेळी वाटतं, ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत समांतर पार्किंगऐवजी बिनछपराच्या गाडीतून आईला बाजारात नेऊन आणायला सांगावं. नापास होणारे कमी निघतील, आणि पास झालेले निदान सप्टेंबरअखेरपर्यंत तरी नीट वागतील.