रोझ बोल पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

आधी बाजू निवडावी. त्यासाठी अमेरिकन फुटबॉल समजायलाच हवा असे नाही. सरावाला १ जानेवारी २०२४ चा, कॅलिफोर्नियात पासाडिनाला झालेला रोझ बोल हा कॉलेज संघांचा सामना घ्या : मिशिगन विरुद्ध अलाबामा. तो सुरू झाला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, म्हणजे रिमोटवर हक्क सांगायला घरात कोणी जागे नव्हते. कुणाचा भाचा ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर रंगावर जावे, मिशिगनचा निळा-पिवळा की अलाबामाचा किरमिजी. एकदा निवडलेली बाजू मात्र बदलू नये.

मैदानावरचे खेळाडू कॉलेजचे विद्यार्थी आहेत, हा विचार मनातून काढून टाका. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर होता. मराठी प्राध्यापकांनी हा परिच्छेद वाचू नये.

जाणकार दिसायचे असल्यास सुरुवातीलाच १९०२ काढावे. पासाडिनातल्या पहिल्या सामन्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे झोडपले आणि स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच हात जोडले. आयोजकांनी धसका घेऊन पुढे काही वर्षे चक्क रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ साली. एवढे सांगितले की कोणी पुढचे विचारत नाही.

आता नियम. एकच शिका : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. तीन फसले की चौथ्याला चेंडू लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा, नाहीतर जुगार खेळायचा. साठ मिनिटांचा हा खेळ साडेतीन तास चालतो. त्यात चहा, आंघोळ, दूधवाला सगळे बसते. पण चौथा प्रयत्न आला की गॅसवर दूध असले तरी हलू नये.

का, ते पाहा. आपल्या सरावाच्या सामन्यात मिशिगन १३-२० ने मागे, साडेतीन मिनिटेही उरलेली नाहीत, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. मिशिगनच्या मॅकार्थीने चेंडू सहकारी कोरमकडे फेकला आणि मिशिगन जिवंत राहिले. थोड्याच वेळात २०-२०. जादा वेळेत कोरम १७ यार्ड धावून गोलरेषेपार. मग अलाबामाची पाळी : पुन्हा चौथा प्रयत्न, रेषा तीन यार्डांवर. त्यांचा मिलरो सरळ मधोमध घुसला, जिथे सगळे त्याचीच वाट पाहत होते. तिथेच दाबला गेला. २७-२०. ही चाल चुकणार हे आपण आधीच ओळखले होते, असे यावेळी मोठ्याने म्हणावे. तो सोफ्यावरच्या माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे.

हे सगळे जड वाटले तर टोस्टरमध्ये भाजायच्या पॉप-टार्ट या खाऊच्या नावाचा ओरलँडोचा पॉप-टार्ट्स बोल पाहावा. २०२३ साली तिथे कॅन्सस स्टेटच्या विजेत्यांनी सामन्याचा खाद्य शुभंकर टोस्टरमधून काढून खाल्ला. नियम लागत नाहीत.

अलाबामा निवडले असेल तर सेबन यांना नमस्कार करून झोपा; १० जानेवारीला ते निवृत्त झाले. मिशिगनवाल्यांनी अंतिम सामन्यासाठी ९ तारखेच्या सकाळचा गजर लावावा. ह्यूस्टनला वॉशिंग्टनवर ३४-१३ ने मात करून राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनीच नेले.