तेरीज आणि फिरकी

गेली सव्वीस वर्षं मी जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानाची वहीखाती सांभाळतो. गावाबाहेरच्या रोलिंग मिलमधून रात्रंदिवस सळई निघते, ती अगदी सरळ. मोंढ्यातलं बोलणं मात्र कधी सरळ निघत नाही. बाकी मागायला गेलेला माणूस आधी पाऊसपाणी विचारतो, मग पोरीच्या सोयरिकीचं, मग चहा येतो, आणि कप खाली ठेवता ठेवता तो म्हणतो, “तेवढं आपलं ते…” ‘ते’ म्हणजे किती, हे दोघांनाही पैशापर्यंत पाठ असतं. मी स्वतः सरळमार्गी माणूस. निदान परवापर्यंत माझी तशी समजूत होती.

परवा पुतण्या मला पूल खेळायला घेऊन गेला. मोबाइलच्या दुकानावरचा मजला, खाली अंधारा जिना, वर हिरवं टेबल आणि तासाचे पैसे. गल्लीच्या गणपतीत कॅरमचा चषक मी तीन वर्षं घरी आणलेला, त्यामुळं मनात धाकधूक नव्हती. कॅरमचाच थोरला भाऊ, असं म्हणत मी पांढऱ्या बॉलमागं वाकलो. पहिला बॉल पॉकेटमध्ये गेला, दुसराही गेला. मी बोरिक पावडर झटकावी तसा उगाच हात झटकला.

तिथला मार्कर म्हणजे विशीतलं पोरगं. ते भिंतीला टेकून सगळं पाहत होतं.

“काका, बॉल चांगला जायलाय. पण नंतर पांढरा कुठं थांबायलाय, ते बघायलेत का?”

मी पाहिलं. पांढरा दर वेळी अशा कोपऱ्यात जाऊन बसत होता, की पुढचा बॉल त्याला दिसायचाच नाही. लग्न लावून दिलं, पण वऱ्हाडाच्या परतीच्या गाडीचं बघितलंच नाही, तशातली गत.

“त्याला साइड द्यावी लागती,” मार्कर म्हणाला. पांढऱ्याच्या मधोमध न मारता जरा उजवीकडे मारायचं, की तो स्वतःभोवती फिरत जातो आणि कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, लागला की उजवीकडे वळतो. आपल्या भाषेत फिरकी. पुतण्यानं माहिती पुरवली की अमेरिकेत हिला ‘इंग्लिश’ म्हणतात. दहावीला त्या विषयात मला काठावर पास केलं होतं, तेव्हा त्याच क्षणी मी सावध व्हायला हवं होतं.

सावध न होता मी नेम तोच ठेवला आणि दणकून उजवीकडे मारलं. लाल बॉल पॉकेटच्या उजव्या कडेवर आपटून परत आला. पुढचा फटका हळू मारला. या वेळी बॉल डाव्या कडेला लागला. नेम तोच, टेबल तेच, मारणारा तोच, आणि चूक मात्र दोन्ही दिशांना! एकच हिशेब दोनदा केला आणि एकदा पैसे वाढले, एकदा घटले, असं सव्वीस वर्षांत मला झालं नव्हतं.

मार्करनं खडूचा तुकडा घासत मला समजावलं. उजवीकडे मारलं की फिरणारा पांढरा क्यूचं, म्हणजे काठीचं, टोक उजवीकडे ढकलतो आणि स्वतः डावीकडे सटकतो. ही पहिली चूक. क्यूचं टोक जितकं हलकं, तितकं हे सटकणं कमी, म्हणून हल्ली पुढून हलके क्यू निघालेत. क्यूची मागची बाजू थोडी तरी उचललेली असतेच, त्यामुळं सटकलेला पांढरा वाटेत वळून उजवीकडे परत येतो. ही दुसरी. आणि समोरच्या बॉलला भिडताना तो फिरत असतो, म्हणून त्याला घासून डावीकडे ओढून नेतो. ही तिसरी. टेबलावर दोन मोसंब्या घासून त्यानं ते दाखवलं. मोसंबी जालन्याची असल्यामुळं मला लगेच पटलं.

“जोरात मारलं तर पांढऱ्याला वळायला वेळच भेटत नाही, निस्ता सटकतो. मग लाल बॉल उजवीकडं जातो. हळू मारलं की वळणं आन् घासणं भारी पडतं, बॉल डावीकडं.”

“आणि मधल्या जोरात मारलं तर?”

“तर तिन्ही चुका एकमेकीला कापत्यात, आन् बॉल सरळ जातो.”

हे ऐकून माझ्यातला मुनीम जागा झाला. आमच्याकडे याच प्रकाराला सगळ्यात जास्त भ्यावं लागतं. एका खात्यात दोनशे जास्त, दुसऱ्यात दोनशे कमी, आणि सगळ्या खात्यांची तेरीज मात्र तंतोतंत जुळते. शेठ खूश असतो, मुनीमही खूश असतो, आणि दोन्ही नोंदी चुकलेल्या असतात.

घरी येऊन मी पुतण्याकडून आणखी माहिती काढली. कोरिओलिस नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा हिशेब असा, की जास्तीत जास्त फिरकी हवी तर मध्यापासून अर्ध्या त्रिज्येइतकं बाजूला मारावं. पुलाचा बॉल ५७ मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून फार तर १४ मिलिमीटर. त्यापलीकडे गेलात की क्यू घसरतो आणि लोक हसतात. हे शेवटचं पुस्तकात होतं की नाही कोण जाणे, मी अनुभवानं जोडलं.

पण धक्का पुढंच होता. हा तोच कोरिओलिस, ज्याच्या नावाच्या बळामुळं विषुववृत्त ओलांडलेले वारे उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपला पाऊस आणतात! म्हणजे आमचा पाऊसही सरळ येत नाही, साइड घेऊन येतो. मधे सह्याद्रीची कुशन लागते, सगळा जोर तिथंच जिरतो आणि मराठवाड्यात पोचतो तो थकलेला पांढरा. २०१२ साली तर तो आमच्याकडे फिरकलाच नाही आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा आम्ही उगाच नशिबाला बोल लावला.

“पण काका, आपल्या राज्यात यातले वस्ताद होऊन गेलेत,” पुतण्यानं धीर दिला. “विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. १९५८ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. आणि पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच.”

पुण्यात सगळंच आधी होतं. त्यात मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मार्करनं बाकीचे बॉल उचलून फक्त पांढरा ठेवला. “काका, साइड राहू द्या. अगदी मधोमध मारा. समोरच्या कुशनला लागून बॉल तुमच्या क्यूच्या टोकावर परत आला पाहिजे.”

एवढंच ना! मी मारलं. पांढरा गेला, कुशनला लागला आणि वीतभर डावीकडून माझ्या कोपराजवळून निघून गेला. दहा वेळा मारलं, दहाही वेळा डावीकडे.

“तुम्ही कायम डावी साइड देता, काका. तुम्हाला माहीत नाही, पण देता.”

“मग पहिल्या दिवशी बॉल जात कसे होते?”

“नेमही थोडा चुकत असंल. कापलं गेलं.”

म्हणजे माझ्या सरळ फटक्याची तेरीज जुळलेली होती, एवढंच. त्या गणपतीतल्या चषकांचा विचार मी मुद्दाम केला नाही.

हट्टानं मी ठरवलं, उजवी साइड द्यायचीच. मनातल्या मनात चांगलं उजवीकडे मारलं. पांढरा गेला, कुशनला लागला आणि शहाण्या पोरासारखा परत येऊन क्यूच्या टोकावर टेकला.

“आत्ता सरळ मारलं!” मार्कर ओरडला.

त्या भरात मी मोंढ्यात आलो. जुने गिऱ्हाईक गादीवर टेकले होते. चहा यायचा होता, पावसाचा विषय निघायचा होता. मी म्हणालो, “तुमच्याकडे चार हजार दोनशे बाकी आहेत. आज द्या.”

ते दचकून उभे राहिले. “मुनीमजी,” ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “आज असं वाकड्यात कामून बोलायलेत?”