सवलतीच्या ब्रॉडबँडचे व्रत: अमेरिकेतील आचारविधी

अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेट स्वस्तात मिळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली सरकारी. ‘लाइफलाइन’ ही १९८५ ची टेलिफोन-सवलत २०१६ मध्ये ब्रॉडबँडलाही लागू झाली. सूट महिना ९.२५ डॉलर. दुसरी कंपन्यांची. कॉमकास्टची ‘इंटरनेट इसेन्शल्स’ (२०११) आणि चार्टरची ‘स्पेक्ट्रम इंटरनेट असिस्ट’ (२०१६) या दोन्हींचा उगम विलीनीकरणाला परवानगी मिळवताना मान्य केलेल्या अटींत आहे. पूर्ण दराच्या प्लॅनवरून अशा सवलतीवर येणे हे एक व्रत असून त्याचा विधी पुढीलप्रमाणे.

अधिकार. नुसते गरीब असून भागत नाही. ती गरिबी आधीच कुठल्या तरी सरकारी दप्तरात नोंदलेली लागते. अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’ किंवा आरोग्यसेवेची ‘मेडिकेड’ योजना मिळत असेल तर लाइफलाइनचा अधिकार मिळतो. अन्यथा उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत असावे. १३६ टक्के असलेल्या कुटुंबाने स्वतःला इंटरनेटपुरते श्रीमंत समजावे. ‘इंटरनेट इसेन्शल्स’च्या सुरुवातीच्या अटींनुसार घरात शाळेचे मोफत जेवण घेणारे मूल असणे आवश्यक होते. मूल नसलेल्यांनी आधी मूल, मग मोडेम असा क्रम पाळायचा.

साहित्य. ओळखपत्र, साहाय्य मिळत असल्याचे पत्र, किंवा गेल्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र वा सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकच असावे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, म्हणजे इंटरनेट असलेल्याला इंटरनेट मागणे सोपे जाते. इतरांसाठी टपाल आहे. लाइफलाइनची सवलत कुटुंबाला एकच. एका पत्त्यावर दोन अर्ज आले तर दोन्ही घरांचे उत्पन्न आणि खर्च वेगळे असल्याचे स्वतंत्र फॉर्मवर लिहून द्यावे लागते. थोडक्यात, चुली दोन आहेत हे वॉशिंग्टनला पटवावे लागते.

उपवास. हा व्रताचा गाभा. ‘इंटरनेट इसेन्शल्स’च्या नियमानुसार अर्जदाराने आधीचे ९० दिवस कॉमकास्टचे इंटरनेट घेतलेले नसावे, चार्टरने हाच उपवास ३० दिवसांचा ठेवला. ज्याने गेल्या महिन्यापर्यंत पूर्ण बिल भरले त्याला ते परवडते, असा यामागचा हिशेब. पोटाला चिमटा काढून वेळेवर बिल भरणारा ग्राहक या हिशेबात सधन ठरतो. सवलत नव्या गिऱ्हाइकासाठी असते. जुन्याकडून येणारे पूर्ण पैसे कोणी आपणहून सोडत नाही.

उपवासाच्या काळात सार्वजनिक वाचनालय, शेजाऱ्याचा वाय-फाय आणि उपाहारगृहांची आवारे यांचा आश्रय घेता येतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सलिनास येथे दोन शाळकरी मुली टाको बेल या उपाहारगृहाच्या बाहेर जमिनीवर बसून तिथल्या वाय-फायवर अभ्यास करीत असल्याचे छायाचित्र देशभर गाजले. त्या वर्षी अनेक शाळा ऑनलाइन भरत होत्या आणि शाळेला ९० दिवस थांबा म्हणण्याची सोय नव्हती.

संभाषण. जुना प्लॅन बंद करण्यासाठी फोन केल्यास तो सहसा ग्राहकाला रोखून धरण्याचेच काम असलेल्या विभागाकडे वळवला जातो. तेथे टीव्ही, मोबाइल आणि इंटरनेट एकत्र घेतल्यास किती बचत होईल हे सांगितले जाते. ही बचत पत्करल्यावर बिल वाढते. व्रतस्थाने योजनेचे नाव तेवढे जपावे, कारण ते पलीकडून उच्चारले जाईलच असे नाही. जुना मोडेम परत केल्याची पावती जपून ठेवावी.

पुनरावर्तन. लाइफलाइनमध्ये पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते. गरिबी वर्षभरात आपोआप बरी होत नाही, यावर शासनाचा विश्वास नाही. मोफत जोडणी असेल तर ३० दिवसांत एकदा तरी वापरावी. नाहीतर १५ दिवसांची सूचना येते आणि त्यानंतर जोडणी जाते. काटकसर करणाऱ्याने येथे ती करू नये.

उद्यापन. उपवासाशिवाय फळ देणारी योजनाही होऊन गेली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून आलेल्या ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम’साठी १४.२ अब्ज डॉलरची तरतूद होती. महिना ३० डॉलरपर्यंतची सूट, आदिवासींच्या भूमीवर ७५ डॉलरपर्यंत, आणि ग्राहक चालू प्लॅनवरही ती घेऊ शकत असे. २.३ कोटींहून अधिक कुटुंबांनी ती घेतली, आणि पैसे संपले. ७ फेब्रुवारी २०२४ नंतर नवे अर्ज बंद झाले, काँग्रेसने नवी तरतूद केली नाही आणि १ जून २०२४ रोजी योजना थांबली. लोकांना सवलत हवी आहे हे सिद्ध होताच सवलत संपली.

राज्यांपैकी न्यूयॉर्कने कायद्याचा मार्ग घेतला. पात्र कुटुंबांना १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएसचा प्लॅन देणे तेथे जानेवारी २०२५ पासून बंधनकारक आहे. एटी अँड टी या कंपनीने त्याच महिन्यात आपले फाइव्ह-जी घरगुती इंटरनेट त्या राज्यातून काढून घेतले. म्हणून व्रताला बसण्यापूर्वी अर्जदाराने दोन गोष्टी तपासाव्यात: आपले राज्य कोणते आणि आपली कंपनी तेथे अजून आहे का.