हौस सतराची, रस्ता राजूरचा

"ऐकलं का वो बाई? त्या लाल गाडीच्या टायरले गाठ आली!"

भिंतीपलीकडून काकूंचा असा आवाज आला की धुतलेले कपडे पिळून बादलीतच ठेवायचे, हे मला आता कळतं. वणीजवळच्या आमच्या राजूरला बातमी फिरायला मोबाइल लागत नाही. चुनाभट्टीवर निघालेली गोष्ट कॉलरीच्या क्वार्टरपर्यंत आपल्या पायानं येते, आणि येता येता थोडी जाडही होते.

लाल गाडी म्हणजे कोपऱ्यावरच्या मुलाची फोक्सवॅगन व्हर्टस. साधी नव्हे, जीटी. दीड लिटर टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. पोरगा पुण्याला नोकरीत. समृद्धीवरून कारंजाला उतरतो आणि यवतमाळ करत सणासुदीला घरी येतो. गल्लीत शिरताना उगाच एकदा गुरगुर करतो, म्हणजे आईला कळतं आणि आम्हालाही.

"गाठ म्हणजे?"

"बाजूनं. लिंबाएवढी. पंक्चरवाल्यानं हातच जोडले. म्हणे, याले पट्टी नाई लागत, हा टायर गेला."

काका पायऱ्यांवर दाढी करत होते. जन्म कोळशाच्या डंपरवर गेलेला, उभ्या माणसाच्या डोक्यावर जाणारे टायर रोज बघितलेले. त्यामुळे टायरच्या विषयात त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. साबण तोंडाला तसाच ठेवून ते भिंतीशी आले.

"अवं, खड्ड्याची धार अन् रिम यांच्यामधी टायर चेपला का आतले दोरे तुटते. मंग हवा धरून ठेवाचं काम एकट्या रबरावर येते. ते फुगते. असा टायर घेऊन समृद्धीवर एकशेवीसनं जाशीन, तं मंग देवच वाली."

कोणता खड्डा, हे कोणी विचारलं नाही. वणीकडे जा की घुग्घूसकडे, कोळशाचे ट्रक दिवसरात्र चालू असतात. ते जिथे ब्रेक दाबतात तिथे डांबराच्या वळ्या पडतात, ट्रकमधून सांडलेले दगड रस्त्यावर असतात, आणि पहिल्या पावसात कोळशाच्या भुकटीचं असं काही गुळगुळीत काळं लोणी होतं की चालतानासुद्धा पाय जपून टाकावा. अशा रस्त्यावर दीडशे घोडे!

पण खरी बातमी पुढेच होती. काकूंनी आवाज खाली आणला. "पोट्टा म्हणते, आता टायर बदलवाचेच हाय तं सतराचे अलॉय टाकतो. चौडे टायर. गाडी कशी बसल्यासारखी दिसन म्हणे."

"सतराचे? अन् कोणते, दोनशे पंचवीस पंचेचाळीस?" काकांनी कपाळाला हात लावला, तो साबणाचा. मग माझ्याकडे वळून त्यांनी आकडे उलगडले. जीटीला कंपनीतून 205/55 आर16 येतो. 205 मिलीमीटर ही रुंदी. 55 म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या 55 टक्के उंच, सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास. 225/45 आर17 घेतला तर बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच राहतं, पण भिंत दहा सेंटिमीटरवर येते.

"दिसाले एका बोटाचा फरक हाय," काका म्हणाले, "पण खड्ड्यात तेच बोट कामी येते. सोळाच्याच टायरले गाठ आली, अन् हा भिंत आणखी कापाले निघाला! पुण्याच्या रस्त्यावर टाक म्हणा सतरा, अठरा, काय टाकाचे ते."

मला हे पटलं. वळणावर गाडी ताठ राहते, स्टेअरिंग चटकन ऐकतं, हे आखूड भिंतीचे फायदे खरेच आहेत. पण आपल्याकडे गाडी वळणापेक्षा खड्ड्याशी जास्त वेळ बोलते.

"मंग कंपनी कोणती?" काकूंना नाव हवं होतं. नावाशिवाय बातमी पुढे जात नाही. "सीएटचा घ्या म्हणा. बुटीबोरीलेच तं बनते."

"तिथं फटफटीचे बनते." काकांनी ते तिथेच मिटवलं. त्यांचं म्हणणं असं की स्पोर्टी म्हणून विकलेल्या टायरचं रबर मऊ असतं. रस्ता घट्ट धरतं, पण झिजतंही लवकर. पुणे-राजूर करणाऱ्या माणसानं मिशेलिनचा प्रायमसी, काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट किंवा योकोहामाचा त्याच पठडीतला एखादा बघावा. आवाज कमी, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला. बाजूवर 91व्ही असतं, त्याच्या खाली उतरू नये. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, व्ही म्हणजे 240 पर्यंतचा वेग. "तेवढा पळवाचा नसते," काका म्हणाले, "पण आपल्याकडच्या उन्हात तापल्यावर दम उरला पाह्यजे न."

ऊन हा आमच्याकडे टायरचा दुसरा शत्रू. मे महिन्यात चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात पारा 46-47 ला जातो. दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजून पोरं "जास्त झाली" म्हणून सोडतात, आणि सकाळी तोच टायर मऊ. मऊ टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. हवा सकाळीच मोजावी, गाडी गार असताना. आकडा दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाआड चिकटवलेला असतो.

"त्याच्या बापानं चंद्रपुरात एक दुकान पाह्यलं," काकू म्हणाल्या. "बाराशे रुपये कमी सांगत होता एका टायरमागं."

"तारीख वाचली का?"

वाचली होती, म्हणे. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे 1422 होतं. म्हणजे 2022 च्या एप्रिलचा माल, गोदामात उन्हाळे काढून बसलेला. बाप मुकाट्यानं परत आला. बरं केलं. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. तेवढी सूट सरकारनंच दिली असताना शिळा माल कशाला?

आता चारही घ्यायचे की दोन? काका म्हणाले, खाचेतल्या आडव्या पट्ट्या बघा. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिलीमीटरच उरलं, मग चारही काढा. नाहीतर जोडी घ्या, आणि नवी जोडी मागं टाका.

"मागं?" काकू तडकल्या. "गाडी वढते पुढचे चाकं, अन् नवे टायर मागं? काही तरीच!"

"पुढचे घसरले तं गाडी नाकासमोर जाते, हातात कळते, पाय काढता येते. मागचे घसरले तं गरकन फिरते, कळेपर्यंत तोंड वणीकडून राजूरकडे झालं राह्यते."

काकूंना ते काही पटलं नाही. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उलटंच वाटलं होतं, पण टायर कंपन्यांचाही सल्ला हाच आहे.

"पण बाई, एवढी घाई कावून हाय माहीत हाय का?" काकूंनी शेवटी मूळ मुद्दा काढला. "रविवारी वरोऱ्याले पोरगी पाह्याले जाते. म्हणून सतरा इंची. अन् पोरीच्या मामाचं टायरचंच दुकान हाय म्हणे!"

"मंग तं रविवारच्या आधीच बाहेरून घेऊन टाक म्हणा," काका पुन्हा आरशाकडे वळत म्हणाले. "होणाऱ्या मामसासऱ्याच्या दुकानात भाव कोण पाडन, अन् तारीख वाचाले खाली कोण वाकन?"