कणवेचे वीस गुण

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला १०० गुणांचा साचा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता, म्हणजे रुग्णसेवेकडे असलेला मनाचा कल, यांना प्रत्येकी २० गुण देतो. भिंगाचे नाभीय अंतर आणि आजाऱ्याविषयीची कणव यांचे वजन अखेर एकच असते, हे सत्य इतक्या निःसंदिग्धपणे आजवर कोणत्याही धर्मग्रंथाला मांडता आलेले नाही. उत्तीर्णतेची अट एकूण गुणांना असल्याने कणवेत भोपळा मिळवणाऱ्यालाही उरलेल्या ८० गुणांच्या बळावर वॉर्डाचे दार उघडे राहते, आणि ‘सिस्टर, घोटभर पानी द्या वो’ असे खाटेवरची म्हातारी रात्री दोन वाजता ज्या भाषेत म्हणते, त्या भाषेची परीक्षा घेण्याचा किरकोळपणा या साच्याने सुज्ञपणे टाळला आहे. सुधारणा उरते ती रुग्णांच्या बाजूची: त्यांनीही आपले दुखणे इंग्रजीत, चार पर्यायांसह सादर करावे, म्हणजे प्रशिक्षित सिस्टरला अचूक पर्यायावर टिचकी मारून नव्वद सेकंदांत पुढच्या खाटेकडे वळता येईल. ‘वरीलपैकी काहीही नाही’ हा पर्याय निवडणाऱ्यांची खाट मात्र सकाळच्या राउंडपूर्वी नातेवाइकांनी रिकामी करून द्यावी.