साधंच हाय, भाऊ!

आपलं सौंदड गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वसलं आहे, त्यामुळे जेवणाची दिशाही महामार्गानेच ठरवली. ढाब्यावर ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लागते आणि घरी पाहुणा आला की पोरगं पनीर आणायला गाडीला किक मारतं. म्हणजे घरचं खायचं तर ढाबा गाठावा, आणि ढाब्यावरचं खायचं तर कुणाच्या तरी घरी जावं!

आपल्याकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोरी या कडधान्याचं बी फेकतात. भाताच्याच ओलीवर ती वाढते. ती खाऊन पाय लुळे पडण्याच्या धास्तीने सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली, तरी आपल्या झाडीपट्टीच्या चुलीवरून तिचे वडे काही उतरले नाहीत. सरकारला जे जमलं नाही, ते आता पाहुण्यासमोरच्या लाजेने करून दाखवलं.

पाहुणाही कमी नाही. ‘जेवूनच निघालो’ म्हणत पाटावर बसतो, ‘भात बंद केला बाप्पा, शुगर हाय’ असं बजावतो. मग आतून अंबाडीच्या भाजीचा वास आला की तोच विचारतो, ‘वहिनी, ते काय शिजून रायलं?’ ‘ते आमच्यासाठी, साधंच हाय!’ पुढे पनीर ताटात गार पडतं आणि गंजातला भात तळाला लागेपर्यंत पाहुणा उठत नाही.

तेव्हा वहिनी, पनीरचे पैसे वाचवा. पाहुण्याला अंबाडी-भातच वाढा. तो नाही म्हणेल, तरी वाढा.